जाऊबाईंची धडधड
मैत्रिणींनो, ‘स्वभावच घाबरट’ म्हणून आपण किती बायकांना मोडीत काढतो! ब्रिटनमध्ये मार्च १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्यांची पंचेचाळिशीत लाळ तपासली, त्यातलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून पाझरणारा हा स्राव. एरवी सकाळी जास्त, रात्री कमी. लहानपणच्या हलाखीचा त्याच्या चढउताराशी संबंध आढळला. (सगळ्यांत सारखा नव्हे, बरं का!)

आमच्या मोठ्या जाऊबाई लहानपणी सावनेरच्या संत्राबागांत आईबरोबर मजुरीला जायच्या. रात्री चूल पेटेल का, हाच घोर. आज कोठी भरलेली, तरी मुलाला नागपूरहून यायला उशीर झाला की छातीत धडधड! सासूबाई हसतात. सोमवारी मी जाऊबाईंना दवाखान्यात नेणार आहे. डॉक्टरांना या वेळी लहानपणापासूनचं सगळं सांगायचं ठरलंय.