पानाची हद्द

अक्षरमालेची लांबी मोजणे हे काम वरकरणी इतके साधे भासते, की त्यासाठी असेंब्ली भाषेतील दहा-बारा ओळींपाशी महिनाभर अडून राहणारा मनुष्य त्रयस्थाला विक्षिप्त वाटावा. सी भाषेच्या परिपाठानुसार मजकुराच्या अखेरीस शून्य मूल्याचा एक बाइट ठेवलेला असतो. आरंभापासून त्या शून्यापर्यंत चालत जावे आणि वाटेत किती बाइट लागले ते कळवावे, एवढेच ‘स्ट्रलेन’ या रूटीनकडे सोपवलेले काम. परंतु ज्याच्या दारी प्रत्येक प्रोग्रॅम घडोघडी येतो, त्याने कुणालाही क्षणभर अधिक तिष्ठत ठेवू नये, असे मला मनापासून वाटत आले आहे.

१९७८ साली आलेल्या ८०८६ प्रोसेसरात अशा शोधासाठी स्वतंत्र सूचनाच होती, आणि ‘रेपने स्कॅसबी’ या एका ओळीत सारा मजकूर पालथा घातला जाई, याचे विद्यार्थिदशेत मला मोठे अप्रूप वाटे. पुढच्या पिढ्यांच्या प्रोसेसरांवर तीच ओळ साध्या लूपपेक्षाही रेंगाळते, हे मोजणीत दिसले तेव्हा मन खट्टू झाले.

२००० साली पेंटियम ४ बरोबर आलेल्या एसएसई-२ सूचनांनी सोळा बाइट एकदम शून्यांशी ताडून पाहण्याची सोय केली. जेथे शून्य सापडेल त्या बाइटाचे सर्व बिट एक होतात. ‘पीमूव्हमस्कबी’ ही सूचना प्रत्येक बाइटाचा एकेक बिट गोळा करून सोळा बिटांची यादी हाती देते, आणि त्या यादीतील पहिला एक कितव्या स्थानी आहे, एवढे विचारले की शून्याचा ठिकाणा लागतो. ‘मराठी’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये पाच चिन्हांचे मिळून पंधरा बाइट व्यापतो आणि सोळावे त्याचे शून्य. म्हणजे आपल्या भाषेचे नाव या सूचना वापरतात त्या सोळा बाइटांच्या रजिस्टरात तसूभरही जागा न उरता मावते. हे प्रथम ध्यानात आले, तेव्हा मी कितीतरी वेळ पडद्याकडे पाहत राहिलो होतो.

मजकूर कोठे संपतो हे ठाऊक नसते, म्हणूनच तर मोजायचे. मग सोळा बाइट एकदम उचलताना शून्यापलीकडचे, आपल्या मालकीचे नसलेले बाइटही उचलले जाणारच. मेमरीचा मुलूख ४०९६ बाइटांच्या पानांनी वाटलेला असतो, आणि पुढच्या पानाचा परवाना नसेल तर ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रॅम तेथल्या तेथे बंद पाडते. माझे पहिले रूटीन मजकूर जेथून सुरू होई तेथूनच सोळा बाइट उचली. माझ्या यंत्रावर ते महिनोन् महिने बिनतक्रार चालले, आणि एका ग्राहकाकडे, एका छोट्याशा नावाचा शेवट नेमका पानाच्या काठाशी आला त्या दिवशी, सारा हिशेब अर्धवट टाकून कोसळले. दोष सापडायला आठ दिवस लागले, कारण डीबगरमध्ये ते नाव प्रत्येक वेळी निर्दोषच दिसे.

उपाय असा, की सोळाने भाग जाणाऱ्या पत्त्यापासूनच वाचन करावे. ४०९६ ला सोळाने निःशेष भाग जातो, म्हणून असे वाचन कधीही दोन पानांवर पसरत नाही. ज्या गटातील एक बाइट वाचण्याची मुभा आहे, त्या गटातील सोळाही वाचण्याची मुभा असतेच. मजकूर गटाच्या मध्येच सुरू होत असेल तर थोडे मागे सरून वाचावे, आणि त्याच्या आधीच्या बाइटांची नोंद बिटांच्या यादीतून सरकवून काढून टाकावी. पुढे हॅसवेल प्रोसेसरांवर २०१३ साली बत्तीस बाइटांची तुलनाही शक्य झाली, तरी माझा जीव आजही या पहिल्या गटातच गुंतलेला असतो. व्यवहारातील नावे, पत्ते, फाइलींचे मार्ग बहुधा आखूड असतात, आणि पुढचे गट वाचणाऱ्या लूपपर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपतात.

आता कोणतेही रूटीन हातावेगळे करण्यापूर्वी मी लागोपाठची दोन पाने मागवतो, ‘एमप्रोटेक्ट’ने दुसऱ्याचा परवाना काढून घेतो, आणि पहिल्याच्या काठाशी मजकूर असा ठेवतो, की त्याचे शून्य अगदी शेवटच्या बाइटावर पडावे, मग लांबी शून्यापासून एकेकाने वाढवत नेतो. सोळाव्या फेरीस पंधरा बाइटांचा मजकूर लागतो. तेथे मी नेहमी ‘मराठी’ लिहितो.