रक्तचंदन आणि दगडफूल

इतिहास शिकवणाऱ्याला एक सवय जडते : नोंद कोणाची झाली आणि कोणाची राहिली, हे पाहण्याची. ही सवय मला रक्तचंदन आणि दगडफूल यांच्या तुलनेपर्यंत घेऊन आली.

रक्तचंदन निसर्गतः पूर्व घाटाच्या दक्षिण भागातच, मुख्यतः आंध्र प्रदेशातील शेषाचलम व आसपासच्या डोंगरांत वाढते. त्याला चंदनाचा सुगंध नाही. मोल आहे ते गाभ्यातील लाल लाकडाचे, आणि तो गाभा भरण्यास दशके लागतात. आज हा वृक्ष संकटग्रस्त आहे. 1995 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, तरी तस्करी थांबलेली नाही. 7 एप्रिल 2015 रोजी शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात तमिळनाडूतील 20 जण मारले गेले. त्यांत गरीब आदिवासी मजूर होते. लाकडाचा भाव जगाला ठाऊक होता. त्या माणसांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

दगडफूल माझ्या आईच्या काळ्या मसाल्यात असे. ते फूल नव्हे, आणि केवळ दगडावरचेही नव्हे. झाडांच्या सालीवरही ते वाढते. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे : शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, बुरशी आसरा व ओलावा देते. स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी 1860 च्या दशकात हे दुहेरी स्वरूप ओळखले. परंतु बुरशीला त्यांनी मालक म्हटले आणि शैवालाला गुलाम! पुढच्याच दशकात विज्ञानात ‘सहजीवन’ हा शब्द आला. सूक्ष्मदर्शकाखालचे दृश्य तेच होते, पाहणाऱ्याची भाषा बदलली. समाजरचना भाषेत किती खोल मुरलेली असते, याचे याहून बोलके उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही.

सामान्य म्हणजे सुरक्षित, असेही नाही. गंधकयुक्त धुराने शहरांतील झाडांवरून अशा दगडफुलांच्या अनेक जाती नाहीशा झाल्या. महाग वृक्ष तुटला की गुन्हा नोंदवला जातो. सालीवरचा राखाडी पापुद्रा गेला, तर कोण विचारतो?

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते : रक्तचंदन वाचलेच पाहिजे, परंतु ज्याला बाजारात भाव आहे तेच जपण्याजोगे, हा निकष मुलांना शिकवू नका. आपल्या वसतिगृहांत वाढलेली बहुतेक मुले कोणाच्याही मौल्यवान वस्तूंच्या यादीत नव्हती. एकमेकांच्या आधाराने ती उभी राहिली. त्यांची नोंद ठेवणे हे आपले काम आहे.