अबोली

अबोलीला आपल्या घरात कोणाचा हात आलेला खपत नसे. काच पुसायला हात बुडवला की ती कौलाआडून थेट अंगावर येई आणि मनगटाला चावे. जेमतेम आठ सेंटिमीटरची मासोळी, पण चावून पळून जाणं तिला ठाऊक नव्हतं. ती तिथेच थांबे, पर फुलवून, दुसऱ्या चाव्याच्या तयारीत. पंप बंद असला की तिच्या जबड्याची टकटक काचेबाहेरही ऐकू येई.

ती क्लाउनफिश. केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. रंग पाहून आजीने नाव ठेवलं. आमच्या दारात अबोलीची झुडपं आहेत. आमच्या गावाला, वालावलीला, पाण्याला तोटा नाही. लक्ष्मीनारायणाच्या देवळाशी तळं आहे, खाली कर्ली नदी आहे. पण तळ्याचं पाणी गोडं आणि कर्लीचं भरतीला मचूळ. टाकीत मात्र निखळ समुद्र हवा होता.

मासे आम्ही समुद्रातून पकडून आणलेले नव्हते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र बसवलं, तेव्हापासून हॅचरीत जन्मलेली पिल्लं आपल्याकडे मिळू शकतात. तशीच ही जोडी. अबोली मोठी, तिचा सोबती लहान, म्हणून तो बारक्या. प्रवाळ टाकीत ठेवला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, आणि मालवणच्या समुद्रात तो जिथे आहे तिथेच असावा असं मला मनापासून वाटतं. निवाऱ्याला मंगलोरी कौलाचे तुकडे आणि तोंड फुटलेलं एक मडकं ठेवलं. शेजारी येऊन विचारत, "ह्यो मासो खावचो नाय, तर पाळतास कित्याक?" आणि मग अर्धा तास टाकीसमोर बसून राहत.

आजीचं माहेर शिरोड्याचं. 1930च्या मिठाच्या सत्याग्रहाने नावाजलेलं हे गाव. तिथल्या मिठागरांच्या काठी ती वाढलेली. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात आटू लागलं तेव्हा भर कशाची घालायची हे तिनेच पहिल्यांदा सांगितलं. "पाणी उडान जाता, मीठ थंयच रवता. गोडां घाल." खारं पाणी ओतत राहिलो असतो तर खारेपणा रोज थोडा थोडा चढला असता आणि माशाला ते सोसलं नसतं. आटलेलं गोड्या पाण्याने भरायचं, काढलेलं खाऱ्याने. हायड्रोमीटरचा आकडा 1.025च्या आसपास राहिला पाहिजे, म्हणजे लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार.

खारं पाणी निवतीच्या किनाऱ्यावरून आणायचं, तेही एप्रिल-मेमध्ये, नदीच्या मुखापासून लांब. पाऊस लागला की कर्ली गढूळ होऊन देवबागेपाशी समुद्रात उतरते आणि किनाऱ्याचं पाणी पातळ होतं. म्हणून कपड्यातून गाळलेलं पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये बंद करून, अंधाऱ्या खोलीत पावसाळाभर पुरेल एवढं साठवायचं. आमच्या घरात पाणी म्हटलं की तांब्याची कळशी पुढे येते. या कामाला ती वर्ज्य. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. मासा एखादवेळ तग धरेल, पण टाकीतली कोळंबी आणि गोगलगाई तेवढ्याने मरतात.

टाकी दोनशे लिटरची. दर पंधरवड्याला त्यातलं वीसेक लिटर पाणी बदलायचं, त्याहून जास्त नाही. पाहुणे म्हणत, एकदा सगळं उपसून लख्ख का करत नाही? काच आपल्या डोळ्यांसाठी पुसायची असते; माशाला पाणी कालच्यासारखं आजही मिळावं एवढंच हवं असतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, आणि त्याचं विष उतरवणारे जिवाणू दगडात, वाळूत, गाळणीच्या स्पंजात राहतात. स्पंज विहिरीच्या पाण्याखाली चोळून धुतला तर तेच मरतात. तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा. वाळूही एका वेळी एका कोपऱ्यातलीच हलवायची.

पाणी बदलायच्या दिवशी घरात काही नियम असत. हाताला साबण, खोबरेल किंवा डासांचं मलम नको. कोपरापर्यंत हात नुसत्या पाण्याने धुवायचे. हवेचा पंप खोलीतलीच हवा आत ओढतो, म्हणून शेजारी उदबत्ती नको, फिनेलही नको. हात घालण्याआधी विजेचे प्लग काढायचे. पाणी ओढायच्या नळीच्या तोंडाला जाळी बांधायची, कारण बारक्या प्रत्येक भोकात डोकावायचा. नवं पाणी आदल्या रात्रीपासून हवा सोडून ठेवलेलं, टाकीइतकंच कोमट, बारीक नळीने सावकाश सोडायचं. मासा उचलावाच लागला तर जाळ्याने नाही. क्लाउनफिशच्या कल्ल्यावरचे काटे जाळ्यात अडकतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. पाण्यातच एक मग तिरका धरायचा आणि मासा आपणहून आत येईपर्यंत थांबायचं. अबोली मगात यायला फार वेळ घेई. बारक्या लगेच येई.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं आणि वीज गेली ती गेलीच. टाकीत हवा नाही तर मासा गुदमरतो. बॅटरीचा छोटा पंप होता, त्याला धाप लागली तेव्हा आम्ही पाळीपाळीने मगाने टाकीतलंच पाणी उचलून उंचावरून परत सोडत राहिलो. खाणं बंद ठेवलं. वीज आल्यावर बाहेरची गाळणी लगेच सुरू केली नाही. तिच्यात कोंडून कुजलेलं पाणी आधी ओतून टाकलं. तेच टाकीत गेलं असतं तर वादळातून वाचलेले मासे त्या क्षणी गेले असते.

अबोली कौलाच्या पोटाला अंडी चिकटवी. आधी केशरी, मग काळपट, शेवटी चकाकते डोळे दिसू लागत. बारक्या दिवसभर परांनी त्यांना वारा घाली, खराब अंडी तोंडाने वेचून टाकी. आठवड्याभरात, काळोख पडल्यावर, ती फुटत. तेवढे दिवस त्या कोपऱ्याला आम्ही हात लावत नसू. शेवाळ वाढलं तर वाढू द्यायचं. पिल्लं जगली नाहीत. त्यांना लागणारं सूक्ष्म जिवंत खाद्य घरी वाढवणं आम्हाला जमण्यातलं नव्हतं.

अबोली दहा वर्षांहून जास्त जगली. शेवटी सुंगटाचा बारीक तुकडाही ती तोंडात घेऊन सोडून देई, आणि हात घातला तरी चावायला येत नसे. एके सकाळी ती मडक्यापाशी पडलेली होती. बारक्या तिच्याभोवती फिरत होता. घरात त्या दिवशी कोणी फारसं बोललं नाही.

पुढे बारक्यासाठी हॅचरीतलं एक लहान पिल्लू आणलं. काही आठवडे ते वेगळ्या टबात ठेवलं, रोग नाही याची खात्री झाल्यावरच टाकीत सोडलं. मग बारक्या अंगाने भरू लागला. क्लाउनफिश आधी वयात येतात ते नर म्हणून. जोडीतली मादी गेली की उरलेला नर मादी होतो. काही महिन्यांनी बारक्याने कौलावर अंडी घातली, आणि काच पुसताना मला पहिला चावा घेतला.

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवावी असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच सांगेन: मासा हॅचरीतलाच मागून घ्या, पावसाआधी पाणी साठवा, बॅटरीचा पंप मासा आणण्याच्या आधी आणा. आणि कंटाळा आला म्हणून पाळलेला मासा कर्लीत किंवा समुद्रात सोडू नका. तो सांभाळणारं दुसरं घर शोधा.