क्यू आला, यू कुठे?





शनिवारच्या शेवटच्या तासाला आपल्या शाळेत इंग्रजी शब्दांचा खेळ चालतो. ‘याने परीक्षेत गुण वाढतात का?’ असे काही पालकांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. आपल्या सीमाभागातील मूल घरी मराठी, बाजारात कन्नड व दख्खनी आणि पुस्तकात इंग्रजी अशी तारेवरची कसरत करत असते. त्यात खेळ कशाला, असे कोणालाही वाटेल. म्हणून यावर चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटले.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. इंग्रजी हा आमच्यासाठी एक पेपर होता. पाठ करायचा, लिहायचा आणि सुटलो म्हणायचे. मुलांची भीती म्हणूनच आम्हांला ओळखीची वाटते. मराठीत उत्तर देताना ज्याचा हात सर्वांत आधी वर जातो, तोच मुलगा इंग्रजीच्या तासाला बाकाखाली पेन्सिल शोधत बसतो. ही भीती रागावून जात नाही. खेळताना मात्र मूल भ्यायचे विसरते.

अक्षरावरून शब्द शोधणे आपल्याला नवीन नाही. भेंड्या आपण सर्वांनीच लावल्या आहेत. ‘नाव, गाव, फळ, फूल’ खेळताना एक अक्षर ठरते आणि सगळे कागदावर तुटून पडतात. कोणी ‘ण’ किंवा ‘ळ’ काढले तर सारे हसतात, कारण त्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द आणायचे कुठून? प्रत्येक भाषेत काही अक्षरे उदार असतात, काही कंजूष. इंग्रजीतही तसेच आहे.

अमेरिकेत 1930 च्या दशकातील मंदीत आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुविशारदाचे काम गेले. त्याने वर्तमानपत्रे पुढे घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले आणि त्या हिशेबावर एक खेळ रचला. 1948 पासून तो स्क्रॅबल या नावाने ओळखला जातो. त्यात 100 सोंगट्या असतात. ‘ई’ सर्वांत जास्त, म्हणजे 12; ‘ए’ आणि ‘आय’ प्रत्येकी 9. ‘क्यू’ आणि ‘झेड’ एकेकच. जे अक्षर सहज मिळते त्याला 1 गुण, आणि क्यू-झेडला 10 गुण. दोन सोंगट्या कोऱ्या असतात, त्या हव्या त्या अक्षरासाठी चालतात.

विकतचा खेळ महाग पडतो. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापून 100 सोंगट्या केल्या. अक्षर मधे, गुण कोपऱ्यात. खर्च शून्य. आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकातील एक पान देऊन बट्ससारखी मोजणी करायला सांगितली. त्यांच्या मोजणीतही ई पहिला आला. अमेरिकेतल्या माणसाने काढलेला हिशेब आपल्या वर्गातही जुळतो, हे पाहून मुलांना झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

पुढची पायरी म्हणजे नेमके अक्षर असलेला शब्द शोधणे. त्याच्या काही युक्त्या आहेत. हातात आय, एन, जी असतील तर ती तिन्ही बाजूला ठेवावीत. अनेक क्रियापदांच्या शेवटी ती बसतात. ‘यू-एन’ पुढे लावून शब्द उलट्या अर्थाचा होतो का, ते पाहावे. ‘एस’ फक्त 4 आहेत. एका एसने दुसऱ्याचा तयार शब्द अनेकवचनी होऊन आपला होतो, म्हणून तो उधळू नये. हे करता करता व्याकरण आपोआप डोक्यात शिरते.

क्यूची गंमत मात्र वेगळी. इंग्रजीत क्यू आला की पाठोपाठ यू येतो. क्वीन, क्विक, क्वेश्चन. यू हातात नसला तर भलेभले खेळाडू अडतात. एका शनिवारी सातवीतील एक मुलगी क्यू घेऊन गप्प बसली होती. ती इंग्रजीत सहसा बोलत नसे. बऱ्याच वेळाने तिने विचारले, ‘सर, फकीर इंग्रजीत चालतो का?’ वर्ग हसला. आम्ही शब्दकोश उघडायला लावला. एफ-ए-क्यू-आय-आर, शब्द निघाला! 17 गुण! हसणारी मुले पुढच्या क्षणी शब्दकोशाभोवती गोळा झाली. मग बुरखा सापडला, शेवटून दुसऱ्या जागी क्यू असलेला. मग काझी. यूविना क्यू असलेले हे शब्द इंग्रजीने अरबीतून घेतले आणि आपल्या कानावर ते रोज पडतात.

त्यातच ‘कनात’ हा शब्द निघाला, क्यू-ए-एन-ए-टी. तंबूची कनात नव्हे. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने गावापर्यंत आणण्याची व्यवस्था, असा त्याचा अर्थ. बिदरजवळ नौबाद येथे बहमनी काळातील असाच बोगदा आहे. आपण त्याला कारेझ म्हणतो. जगभरचे खेळाडू जो शब्द पाठ करतात, ती वस्तू आपल्या जिल्ह्यात डोळ्यांनी पाहता येते.

मग मुलांना नादच लागला. ‘मुंगूस’ हा आपला मराठी शब्द इंग्रजीत ‘मॉन्गूस’ झाला आहे. तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे आपली घूस, तिथे ‘बँडिकूट’ झाली. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘बिद्री’ची स्वतंत्र नोंद आहे, बिदर शहराच्या नावासह. आणि बिद्रीचा मुख्य धातू जस्त, म्हणजे झिंक. त्यात झेड आहे!

1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. तेव्हापासून आपली मुले अनेक भाषांचे ओझे वाहतात, असे आपण हळहळून म्हणतो. खेळात आम्हांला उलट दिसले. या भाषा म्हणजे मुलांच्या हातातील जास्तीच्या सोंगट्या आहेत.

आता मूळ प्रश्न. गुण वाढतात का? एका खेळाने वाढले, असा दावा आम्ही करणार नाही. त्यासाठी अभ्यासच हवा. परंतु त्या मुलीने पुढच्या आठवड्यात इंग्रजीचा धडा उभी राहून वाचला, अडखळत का होईना. काही पालक केवळ इंग्रजीच्या धास्तीने मुलांना आपल्या शाळेतून काढण्याचा विचार करत आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांना एवढेच सांगणे आहे की, इंग्रजी शिकण्यासाठी मराठी टाकावी लागत नाही. मुंगूस आणि बिद्री इंग्रजीत गेले ते आपली ओळख पुसून नव्हे.

विश्वस्त मंडळास विनंती, की शनिवारचा तास चालू ठेवावा आणि वर्गासाठी दोन मोठे शब्दकोश द्यावेत. पालकांना विनंती, की घरातील जुन्या लग्नपत्रिका फेकू नयेत, शाळेत पाठवाव्यात. आजी-आजोबांकडे कामधंद्याचे, शेतीचे, बाजाराचे जुने शब्द असतील तर तेही मुलांबरोबर पाठवावेत. त्यातील कोणते इंग्रजी कोशात पोहोचले आहेत, ते मुले शोधून काढतील.



आपले,
मुख्याध्यापक