पाण्याची गोळी आणि पर्युषणातलं पच्चक्खाण



पर्युषण जवळ आलं की घरोघरी एकच विचारणा असते, यंदा कोण काय करणार? कुणाची अठ्ठाई, कुणाचा तेला, कुणाची एकासणी. आमच्या सासूबाईंचा संवत्सरीचा चौविहार उपवास कित्येक वर्षांत चुकला नव्हता. मग त्यांचं हृदय कमजोर झालं, पायांवर सूज आली आणि डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड सुरू केलं. आपण जिला लघवीची किंवा पाण्याची गोळी म्हणतो, तीच ही.

ही गोळी मूत्रपिंडांना जास्तीचं मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावते. घेतल्यावर तासाभरात असर सुरू होतो आणि साधारण सहा तास टिकतो. म्हणून ती सकाळी घ्यायची. दुसरी दिली असेल तर डॉक्टर बहुधा दुपारचीच वेळ सांगतात. रात्री घेतली की झोपमोड होते आणि म्हातारं माणूस अंधारात मोरीकडे धावताना पडतं. सासूबाई नवकारसी पारून गोळी घेतात.

पाण्याबरोबर शरीरातलं पोटॅशियम आणि सोडियमही जातं. पोटऱ्यांत गोळे, गळून गेल्यासारखं वाटणं, उठताना चक्कर, छातीत धडधड, ही त्याची लक्षणं. 'वयामुळे होतंय' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. अधूनमधून रक्त तपासायला सांगतात ते यासाठीच. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळीही परस्पर देऊ नका. तिने पाण्याच्या गोळीचा असर कमी होतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी मात्र उलट पोटॅशियम धरून ठेवते. ती चालू असेल तर रोजचं नारळपाणी किंवा 'कमी सोडियम'वालं मीठ विचारल्याशिवाय नको, कारण अशा मिठात बहुधा पोटॅशियमच असतं.

आता आपल्या घरातली गोष्ट. पर्युषणात हिरवी भाजी बंद झाली की ताटात पापड, लोणचं, खाखरे वाढतात. म्हणजे मीठ वाढतं, आणि त्याबरोबर सूजही. सैंधवही शेवटी मीठच. आमच्याकडे त्या आठ दिवसांत मूग, कमी मिठाची डाळ-खिचडी आणि बिनमिठाची पोळी असते.

उपवासाच्या दिवशी दोन्हीकडून धोका असतो. गोळी घेऊन दिवसभर पाणी नाही घेतलं तर रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांना त्रास होतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद केली तर छातीत पाणी भरून धाप लागते. म्हणून आम्ही पर्युषणाआधीच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्पष्ट सांगितलं, निर्जळी उपवास नाही, गोळी चालू, पाणी ठरवून दिलेलं तेवढंच.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. शेवटी उपाश्रयात साध्वीजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत. दुखण्यात समाधी टिकावी म्हणून औषधाचा आगार आहे. पण तुम्ही झेपेल तेवढंच पच्चक्खाण घ्या, बाकीचा वेळ सामायिकात घाला." त्यांनी बियासणं केलं. उकळलेलं पाणी मापाच्या तांब्यात भरून ठेवलं, सूर्यास्तापर्यंत थोडं थोडं दिलं. प्रतिक्रमणाला त्या पूर्ण वेळ बसल्या.

तुमच्या घरी ही गोळी चालू असेल तर रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन करा. उलट्या-जुलाब लागले किंवा उठताना फार चक्कर आली तरी गोळीबद्दल लगेच विचारा. धाप लागली तर मात्र थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि यंदा तपस्वींना साता विचारायला जाल, तेव्हा त्यांच्या गोळ्यांचीही विचारपूस करा.