एका तासाचं विमान आणि माझी अर्धी बातमी

२३ डिसेंबर २०१७. 'उडान' योजनेतून जळगाव-मुंबई विमान सुरू झालं. १९ सीटचं छोटं विमान. मी दणक्यात हेडिंग दिलं होतं, 'जळगावहून मुंबई एका तासात!' आज कबूल करतो, ती बातमी अर्धीच होती.

मी राहतो धुळ्यात. मध्यंतरी वडिलांचं परळला ऑपरेशन होतं. भाऊ आधीच सोबत गेला होता. मी म्हटलं, आपण विमानाने जाऊ, ऑपरेशनआधी भेट होईल. पहाटे गाडी काढली. पारोळा मागे पडलं, एरंडोलजवळ मोबाईलवर मेसेज आला : विमान रद्द. तसाच जळगाव स्टेशनला गेलो, मिळेल त्या गाडीत उभा राहिलो. परळला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. ऑपरेशन होऊन वडील शुद्धीवरही आले होते. डोळे उघडून पहिला प्रश्न, "भाऊ, इमान उडनं का नही?"

आता हिशेब मांडू. जळगाव-मुंबई हवाई अंतर साधारण ३५५ किमी, रेल्वेने ४२०. विमान तासाभरात पोचतं, रेल्वेला सहा-सात तास लागतात. जळगावकराचा फायदा स्पष्ट आहे. पण धुळेकराला आधी शंभरेक किमी उलट्या दिशेला, पूर्वेकडे जायचंय. त्याचे दोन तास. विमानतळावर तास-दीड तास आधी. उड्डाण तासाभराचं. मुंबईत उतरून परळ गाठायला दीड तास. झाले की सहा तास! धुळ्याहून आग्रा रोडने थेट गाडी सात तासांत जाते. म्हणजे वाचला किती, तर एक तास. तोही विमान उडालं तर.

फ्रान्सने २०२३ मध्ये पॅरिसच्या ओर्ली विमानतळाहून लिऑन, नांत, बोर्दोची विमानं कायद्याने बंद केली. कारण रेल्वे अडीच तासांच्या आत पोचवते. तिथे आधी रेल्वे झाली, मग विमान थांबलं. आपल्याकडे विमानाचा फोटो आधी छापून येतो.

धुळ्याला १९०० साली चाळीसगावची ५६ किमीची रेल्वे मिळाली. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राची मंजुरी आली २ सप्टेंबर २०२४ ला : ३०९ किमी, १८,०३६ कोटी. दोन पिढ्यांनी या मार्गासाठी निवेदनं दिली.

विमान नको असं माझं म्हणणं नाही. जळगावचं विमान टिकलंच पाहिजे, वेळेवर उडालं पाहिजे. पण पुढाऱ्यांनी 'एक तास' म्हटलं की आपण विचारायचं, कोणाच्या दारापासून कोणाच्या दारापर्यंत? २०१७ ला मी हे विचारलं नाही. आता विचारतोय.

तुमच्या गावापासून मुंबईच्या दवाखान्याच्या दारापर्यंत किती तास लागतात? शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, सगळ्यांनी लिहा. पुढची बातमी त्या आकड्यांवर करतो.