मॅकग्रेगर, उर्फ मरे, उर्फ कॅम्बेल

आडनावाचा शोध घ्यायचाच तर माणसाने स्वतःच्या आडनावाचा घ्यावा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. पण माझं आडनाव पडलं पाटील. शिरपूर तालुक्यात राहून पाटील या आडनावाचा शोध घेणं म्हणजे तापीत कमरेइतकं उभं राहून पाणी कुठे मिळेल अशी चौकशी करण्यासारखं आहे. आमच्या शाखेत एके काळी चार पाटील होते. कुणी 'अहो पाटील' अशी हाक मारली की चौघे माना वर करीत, आणि हाक मारणाऱ्याच्या हातात फाईल दिसली की चौघे पुन्हा खाली घालीत. तेव्हा स्वतःचं आडनाव सोडून मी एका स्कॉटिश आडनावाच्या मागे लागलो. आमचे हेडकॅशियर म्हणाले, "स्वतःच्या आजोबांच्या वडिलांचं नाव सांगता येतं का?" मी म्हटलं, "म्हणूनच दुसऱ्याचं शोधतोय."

आता एवढी आडनावं सोडून स्कॉटलंडचंच का? त्याला कारण आमच्या तालुक्यातलं थाळनेर. तापीच्या काठी तिथे किल्ला आहे, म्हणजे होता. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तो घेतला. त्या दिवसाची हकिगत वाचताना माझी नजर अधिकाऱ्यांच्या नावांवर थबकली. कॅप्टन मॅकग्रेगर, ठार. लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे, जखमी. एकाच तारखेला, एकाच ठिकाणी, एकाच आडनावाच्या दोन नोंदी, आणि त्यांतल्या एकीला मागे शेपूट! असं काही दिसलं की बँकेतल्या माणसाला झोप येत नाही. मी पेन्सिलीने टिक केली आणि कामाला लागलो.

प्रथम सर्वसामान्य अभ्यास. 'मॅक' म्हणजे मुलगा, हे कळायला वेळ लागला नाही. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. मॅकिंटॉश म्हणजे म्होरक्याचा मुलगा. मॅकटॅगर्ट म्हणजे पुरोहिताचा मुलगा आणि मॅक्नॅब म्हणजे चक्क मठाधिपतीचा मुलगा. मठाधिपतीला मुलगा कसा, असा प्रश्न तुमच्यासारखा मलाही पडला. पण जुन्या गेलिक मठांत हे पद पुष्कळदा बापाकडून लेकाकडे जात असे. म्हणजे आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखंच म्हणा ना! मुलीला मात्र गेलिकमध्ये 'मॅक' लागत नाही, 'निक' लागतं. हिशेब चोख.

पुढे पुढे तर मला हे लोक परके वाटेनातच. स्ट्युअर्ट म्हणजे कारभारी, एक हुद्दा. तेव्हा आमचे पाटील-कुलकर्णी आणि तिकडचे राजघराण्यातले स्ट्युअर्ट एकाच माळेचे मणी. एल्फिन्स्टन हे पूर्व लोदियनमधल्या एका गावाचं नाव. म्हणजे ज्यांच्या नावाचं स्टेशन मुंबईत २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, ते मुळात नुसते 'एल्फिन्स्टनकर'. महाबळेश्वरला ज्यांच्या नावाची पेठ वसली ते माल्कमसाहेब म्हणजे संत कोलंबाचे दास. आपल्याकडे असते तर कोलंबादास म्हणून खपून गेले असते. आणि कॅम्बेल म्हणजे वाकड्या तोंडाचा, कॅमेरॉन म्हणजे वाकड्या नाकाचा! आपल्याकडचे वाकडे, टकले आणि एकबोटे उगीच लाजतात. तिकडे वाकड्या तोंडाचे ड्यूक झाले आणि वाकड्या नाकाचे पंतप्रधान.

मॅकग्रेगर त्या मानाने सज्जन निघाले. 'ग्रेगर' हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ जागा असलेला, सावध. कुळाचं ब्रीद, आमचं रक्त राजाचं. नवव्या शतकातल्या केनेथ मॅकअल्पिन राजापर्यंत ही मंडळी आपलं नातं नेऊन भिडवतात. त्यांना हसू नये. आपल्याकडे तर वंशावळ सूर्याच्या अलीकडे थांबली तर तिला कुणी वंशावळ म्हणत नाही. कागदावर भरवशाने सापडतो तो ग्लेन ऑर्कीचा इयान कॅम, मृत्यू १३९०. 'कॅम' म्हणजे इथे एकाक्ष. वाकडं तोंड झालं, वाकडं नाक झालं, आता डोळाही आला. चेहरा पुरा झाला.

मग माझी गाडी १६०३ सालावर येऊन आदळली.

त्या वर्षी फेब्रुवारीत ग्लेन फ्रूनच्या खोऱ्यात मॅकग्रेगरांनी कोहून घराण्याच्या लोकांची मोठी कत्तल केली. राजा सहावा जेम्स संतापला. त्याच सुमारास इंग्लंडची एलिझाबेथ राणी वारली आणि तिची गादी जेम्सकडे आली. ५ एप्रिलला तो एडिंबरो सोडून लंडनला निघाला. त्याच्या दोन दिवस आधी, ३ एप्रिलला, त्याच्या मंत्रिमंडळाने हुकूम काढला की मॅकग्रेगर हे आडनाव यापुढे अस्तित्वात नाही. जो ते लावील त्याला देहदंड. बदली झालेले साहेब शेवटच्या दोन दिवसांत टेबलावरचे सगळे कागद निकालात काढतात, ते आम्ही नेहमी पाहतो. पण टेबल साफ करता करता एक आडनावच साफ करणारे साहेब माझ्या पाहण्यात नाहीत.

कुळाचा प्रमुख अलास्डेअर याची गोष्ट तर नियमाप्रमाणे काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. अर्गाइलच्या अर्लने त्याला वचन दिलं की तुला सुखरूप इंग्लंडच्या भूमीवर पोचवतो. पोचवलं. बेरिकपाशी सरहद्द ओलांडून त्याचे पाय इंग्लंडच्या मातीला लावले, तिथेच त्याला परत फिरवलं आणि एडिंबरोला आणलं. जानेवारी १६०४ मध्ये त्याला फाशी दिलं. वचनाचा शब्द न् शब्द पाळला गेला होता. आमच्याकडे असल्या पूर्ततेवर 'नियमानुसार' असा शिक्का बसतो.

पुढचे हुकूम याहून बारीक. १६१३ मध्ये ठरलं की पूर्वाश्रमीच्या मॅकग्रेगरांनी टोक मोडलेल्या जेवणाच्या सुरीखेरीज हत्यार बाळगू नये आणि चारांहून जास्त माणसांनी एकत्र जमू नये. जमावबंदीचा हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. १६३३ मध्ये पार्लमेंटने आणखी एक कलम घातलं. कुठल्याही पाद्र्याने मुलाचं नाव ग्रेगर ठेवू नये आणि कुठल्याही कारकुनाने वा नोटरीने त्या नावाने कर्जरोखा किंवा तारणाचा कागद लिहू नये. लिहील तो नोकरीला मुकेल.

इथे मात्र मी खुर्चीत सरळ बसलो. इतका वेळ तलवारी, खोरी, अर्ल वगैरे चाललं होतं, त्यात माझं काही नव्हतं. पण हा कारकून माझा होता. गावातला माणूस समोर उभा आहे, त्याचा बाप, आजा, पणजा सगळे ठाऊक आहेत, त्याला चार गाई घ्यायला कर्ज हवंय, आणि त्याचं खरं नाव लिहिलं तर माझी नोकरी जाते. मग मी काय लिहिणार? 'मरे' लिहिणार. नाहीतर 'ग्रँट', 'ड्रमंड', 'स्ट्युअर्ट' किंवा 'कॅम्बेल'. आणि तेच झालं. मॅकग्रेगरांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची आडनावं अंगावर घेतली. ज्याच्या नावावर पुढे वॉल्टर स्कॉटने कादंबरी लिहिली तो रॉब रॉयसुद्धा कागदोपत्री कॅम्बेल, आपल्या आईच्या माहेरच्या नावाने. गुरांचा व्यापार आणि गुरं न पळवण्याबद्दल घ्यायची खंडणी, असा त्याचा दुहेरी धंदा होता. ती खंडणी म्हणजे 'ब्लॅक मेल'. स्कॉट बोलीत 'मेल' म्हणजे खंड, भाडं. आपल्याकडे याच धर्तीच्या वसुलीला चौथाई म्हणत आणि तिची दप्तरं फार नीटनेटकी असत.

१६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, १६९३ मध्ये ती परत बसली, आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. मधे सहा-सात पिढ्या होऊन गेल्या. वंशावळ शोधणाऱ्याची पंचाईत होते ती इथेच. एडिंबरोच्या सरकारी दप्तरखान्याची पानं आता फी भरून घरबसल्या वाचता येतात. (बी.कॉम. माणूस पैसे देऊन पान उघडतो तेव्हा समासातलंही सोडत नाही.) सगळ्यांत जुनी चर्चची नोंदवही एरल गावची, १५५३ सालची. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासूनची. त्या पहिल्या वर्षी फॉर्ममध्ये बाळाच्या आईबापांचं वय, जन्मगाव, आधीची मुलं, सगळं विचारलं होतं. एवढं लिहिणं झेपेना, तेव्हा १८५६ पासून रकाने कमी केले. अखिल विश्वातला कारकून एकच आहे, याचा याहून चांगला पुरावा मला मिळालेला नाही. पण ही दप्तरं कितीही उलटली तरी पुष्कळ घराणी सतराव्या शतकात जाऊन भिंतीला थडकतात. समोरचा ग्रँट हा मुळातला ग्रँट, की नोकरी जाऊ नये म्हणून कुणा कारकुनाने लिहिलेला ग्रँट, हे ती वही सांगत नाही.

आणि तरी नाव मेलं नाही. कायदा उठल्यावर ८२६ मॅकग्रेगरांनी सह्या करून जॉन मरे नावाच्या गृहस्थाला आपला प्रमुख ठरवलं. हा मरे मुळातला मॅकग्रेगर, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आणि हुद्दा काय, तर बंगालचा ऑडिटर जनरल! पावणेदोनशे वर्षं सरकारने पुसलेल्या खात्याला अखेर वारस मिळाला तो हिशेबतपासनीस. याचा मुलगा इव्हान. तोच आमच्या थाळनेरचा जखमी लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे. शेपटाचा उलगडा झाला. ते शेपूट म्हणजे बंदीच्या काळातला मुखवटा होता. चेहरा परत मिळाला तरी तो अजून सुटला नव्हता. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा याच इव्हानचे मॅकग्रेगर स्कॉटलंडच्या राजमुकुटाचे राखणदार म्हणून मिरवणुकीत चालले. ज्यांना टोकाची सुरी बाळगायची बंदी होती, त्यांच्या पहाऱ्यात मुकुट!

एवढं समजल्यावर मला आनंद व्हायला हरकत नव्हती. पण थाळनेरची ती हकिगत मी पुन्हा वाचायला घेतली. स्कॉटचं 'रॉब रॉय' १८१७ च्या अखेरीस बाहेर पडलं. म्हणजे तिकडे लोक शेकोटीपाशी बसून मॅकग्रेगरांवरच्या अन्यायाने हळहळत होते, त्याच महिन्यांत तापीकाठी दोन मॅकग्रेगर किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरत होते. आत शिरलेल्या अधिकाऱ्यांवर हल्ला झाला. मग बाहेरची फौज घुसली आणि सुमारे ३०० लोकांची शिबंदी, बहुतेक अरब, कापली गेली. किल्लेदाराला फाशी दिलं. पार्लमेंटमध्येसुद्धा यावर नाराजी निघाली. मी वाचलेल्या हकिगतींत अधिकाऱ्यांची नावं हुद्द्यासकट आहेत. शिबंदीचा मात्र नुसता आकडा आहे. त्यांची नावं पुसायला कायदा करावा लागला नाही. ती कुणी लिहिलीच नाहीत.

हे सगळं डोक्यात घेऊन मी काउंटरवर बसतो, तेव्हा कामाचा वेग मंदावतो, अशी तक्रार आहे. परवा एक आजी पेन्शनसाठी आल्या. एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर कुणा ऑपरेटरला सुचलेलं. स्कॉटलंडमध्ये बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही दप्तरात टिकतं. दोन्ही नावं मधे 'किंवा' घालून लिहितात, थडग्यावरसुद्धा माहेरचंच कोरतात. आमच्याकडे प्रतिज्ञापत्र लागतं. ते कुठे मिळतं, किती रुपये लागतात, हे मी आजींना सांगत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबा, माणूस तर एकच आहे ना?" १६३३ च्या त्या कारकुनालाही कुणीतरी हेच विचारलं असणार. मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्वतःच लिहून दिला आणि तिन्ही नावांच्या मधे 'उर्फ' घातलं. मराठीत याहून दयाळू शब्द मला ठाऊक नाही.

घरी येऊन हे सगळं मी बायकोला सविस्तर सांगितलं. ग्लेन फ्रूनपासून थाळनेरपर्यंत. तिने भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅकग्रेगरांचं लागलं ना मार्गी? मग आता रेशनकार्डावर माझ्या नावातली वेलांटी पहिली आहे आणि आधारवर दुसरी, तेवढं जरा बघा. सहा वर्षं सांगतेय."